डेबियन 11 वरचा कंपनीचा मेल सर्व्हर थेट 13 वर न्यावा का? (पोस्टफिक्स, डवकॉट, 110 मेलबॉक्स)

टॉवेलवाला_आयटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर आहे. प्रॉक्समॉक्सवर एक व्हीएम (आभासी मशीन), आत डेबियन 11 (लिनक्स), मेल पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स 3.5, मेलबॉक्स उघडून द्यायला डवकॉट 2.3.13, बाहेर जाणाऱ्या मेलवर डिजिटल सही करायला ओपनडीकिम, साठवण मेलडिरमध्ये. 110 मेलबॉक्स मिळून 640 जीबी. लीज्ड लाइन, एक स्थिर आयपी, फायरवॉलवर नॅट (आतले आयपी बाहेरच्या आयपीशी जोडणारे नियम). मर्चंडायझिंगवाले आउटलुकमध्ये आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतो) वापरतात. अकाउंट्स आणि डिस्पॅचचे 14 जण अजून पॉप3 वर (मेल आपल्या पीसीवर उतरतो) आहेत, तेही 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण करून.

11 ची एलटीएस (दीर्घ मुदतीचा सुरक्षा पाठिंबा) 31 ऑगस्ट 2026 ला संपते. म्हणून गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत, 14-15 जानेवारीला, काम उरकून टाकावं म्हणतोय. थेट 13 वर जाता येईल का? चाचणीच्या व्हीएमवर 13 टाकून डवकॉटची जुनी कॉन्फिग तशीच ठेवली, तर डवकॉट उठतच नाही. आणि शेठचा एकच प्रश्न आहे: सर्व्हर बंद असताना बायरचा मेल हरवणार का? बायर जर्मनी आणि अमेरिकेचे, त्यांना संक्रांत नसते.

रांगेतला_मेल

आधी शेठचं उत्तर. सर्व्हर पूर्ण बंद असेल तर मेल हरवत नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरला तुमचं 25 नंबरचं पोर्ट लागलं नाही की तो मेल आपल्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. निदान 4-5 दिवस प्रयत्न करावेत असं आरएफसी 5321 हे मेलचं मानक सांगतं, आणि पोस्टफिक्सची डिफॉल्ट मुदतही 5 दिवसांची आहे. फार तर एक्स्चेंजसारखे सर्व्हर 4 तासांनी पाठवणाऱ्याला 'मेल पोचायला उशीर होतोय' असं कळवतात. बायरकडे तो निरोप जाऊ नये एवढं बघा.

मेल हरवतो तो सर्व्हर अर्धवट चालू असताना. पोस्टफिक्स उठलाय, पण मेलबॉक्सचा तक्ता अजून भरलेला नाही. अशा वेळी तो बायरला सरळ 550 5.1.1, असा वापरकर्ता नाही, असं सांगून मोकळा होतो. 5 ने सुरू होणारं उत्तर कायमचं असतं, समोरचा पुन्हा प्रयत्न करत नाही. म्हणून नव्या सर्व्हरच्या मेन.सीएफ मध्ये (पोस्टफिक्सची मुख्य कॉन्फिग) पहिले काही तास 'सॉफ्ट_बाउन्स = येस' ठेवा. मग प्रत्येक 5xx नकार 4xx होऊन जातो आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. लॉगमध्ये खऱ्या पत्त्यांना नकार जात नाहीत अशी खात्री पटली की त्याच दिवशी ते काढा. राहिलं तर चुकीच्या पत्त्यांवर पाठवलेले मेल तुमच्या रांगेत 5 दिवस कुजत बसतात आणि पाठवणाऱ्याला वाटतं, पोचला.

वेळेचं म्हणाल तर जानेवारीत जर्मनीत सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड, आणि न्यूयॉर्कचे 9 म्हणजे संध्याकाळचे साडेसात. सकाळी 7 ला सुरू करून 11 च्या आत 25 पोर्ट उघडायचं. रात्री जागून करायचं हे काम नव्हे. रात्री अमेरिका जागी असते आणि करणारा पेंगत असतो.

डवकॉन्फ

11 वरून थेट 13 ला डेबियनचा पाठिंबा नाही. अपग्रेड करायचंच तर 11, मग 12, मग 13. पण तुमची अडचण तिथे नाहीच. 13 मध्ये डवकॉट 2.4 आहे आणि 2.3 ची कॉन्फिग त्याला कळत नाही. दोन-चार ओळी बदलून भागत नाही, फाइल नव्याने लिहावी लागते.

सगळ्यात वर 'डवकॉट_कॉन्फिग_व्हर्जन' आणि 'डवकॉट_स्टोरेज_व्हर्जन' या दोन ओळी सक्तीच्या आहेत. त्या नसल्या की डवकॉट उठत नाही. तुमचं बहुतेक तिथेच अडलंय. त्यापुढे 'मेल_लोकेशन' गेलं, त्याऐवजी 'मेल_ड्रायव्हर' आणि 'मेल_पाथ' असे दोन भाग झाले. 'एसएसएल_सर्ट' चं 'एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल' झालं आणि मार्गाच्या आधीचं '<' हे चिन्ह आता लागत नाही. 'डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथ' उलटं फिरून 'ऑथ_अलाउ_क्लिअरटेक्स्ट' झालं, म्हणजे जिथे येस होतं तिथे आता नो. घाईत हेच चुकतं. %यू, %एन, %डी ही एका अक्षराची व्हेरिएबल गेली, आता महिरपी कंसात पूर्ण नाव लिहायचं. पासवर्ड आणि वापरकर्ते कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या पासडीबी आणि युजरडीबीच्या प्रत्येक ब्लॉकला नाव द्यावं लागतं. मेलबॉक्स एसक्यूएलमध्ये असतील तर वेगळी एसक्यूएल फाइल संपते, सगळं मुख्य कॉन्फिगमध्ये येतं. 'प्लगइन' ब्लॉकही गेला, त्यामुळे सिव्हच्या (आलेले मेल आपोआप वेगळे करणारे नियम) सेटिंग्ज नव्या जागी लिहा. दोन डवकॉटमधलं रेप्लिकेशन 2.4 मधून काढूनच टाकलंय.

जुन्या सर्व्हरवर 'डवकॉन्फ -एन' आणि 'पोस्टकॉन्फ -एन' यांचं आउटपुट काढून छापून घ्या. तुम्ही काय बदललं होतं तेवढंच त्यात दिसतं. समोर कागद ठेवून नवी फाइल लिहा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि पासवर्ड कोणत्या पद्धतीने हॅश केलेत तेही पाहा. 2.4 कमकुवत मानलेल्या पद्धती डिफॉल्टने नाकारतं, मग कॉन्फिग बरोबर असूनही जुन्या लोकांचं लॉगिन होत नाही.

शेंगाचटणी

वरच्या उत्तराशी सहमत, पण 14 तारखेला हे सगळं एका सुट्टीत कोंबायची गरज काय? 12 वर डवकॉट 2.3.19 आहे, जुनी कॉन्फिग जवळपास जशीच्या तशी चालते. 12 ची एलटीएस जून 2028 पर्यंत आहे. आता जागच्या जागी 12 करा, 2.4 ची फाइल वर्षभरात सावकाश लिहा.

व्हीएम बंद करून स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या, फायरवॉलवर 25 बाहेरून बंद करा, मग अपग्रेड. कॉन्फिग फाइल ठेवू की बदलू असं विचारलं की 'एन', म्हणजे आपली जुनीच ठेवायची. सोर्सेसमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीत) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' लागत असेल तर लिहा. आणि स्पॅम गाळायला स्पॅमअसॅसिन वापरत असाल तर 12 मध्ये त्याचं डीमन 'स्पॅमडी' नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेलंय, ते हाताने टाका.

मात्र स्नॅपशॉटवर मागे जायची मुभा 25 उघडेपर्यंतच. एकदा नवे मेल आत आले आणि तुम्ही मागे गेलात, की मधले मेल गेले. समोरच्याला आपण 250, म्हणजे 'मिळाला', म्हणून बसलेलो असतो, तो ते पुन्हा पाठवत नाही.

डवकॉन्फ

12 चा मुद्दा मान्य. फक्त जागच्या जागी नको, नवा व्हीएम बाजूला उभा करा. 640 जीबीच्या डिस्कचा स्नॅपशॉट वागवत अपग्रेड करण्यापेक्षा जुना सर्व्हर न हलवता बंद करून ठेवणं बरं. काही बिनसलं तर परत तोच चालू करायचा.

रांगेतला_मेल

नवा व्हीएम करणार असाल तर मेलडिर हलवताना पॉपवाल्या 14 जणांचा विचार सगळ्यात आधी करा. गोंधळ तिथेच होतो.

आउटलुक कोणता मेल आधी उतरवलाय हे युआयडीएल या मेलच्या ओळखखुणेवरून ओळखतं, आणि डवकॉट ती युआयडी (मेलचा क्रमांक) आणि युआयडीव्हॅलिडिटी (मेलबॉक्सचा आकडा) जोडून बनवतो. हे दोन्ही आकडे प्रत्येक मेलबॉक्सच्या 'डवकॉट-युआयडीलिस्ट' फाइलमध्ये असतात. पहिल्याच ओळीत व्ही पुढे युआयडीव्हॅलिडिटी असते, एन पुढे यापुढचा युआयडी. ही फाइल न्यायची राहून गेली, किंवा मेल आयमॅपसिंकने हलवले, तर आकडे नव्याने पडतात. मग अकाउंट्समधलं आउटलुक जुने सगळे मेल नवे समजून पुन्हा उतरवतं. 20,000 मेल असतील तर 20,000 दुबार, आणि आउटलुकची पीएसटी फाइल फुगून बसते ते वेगळंच. आयमॅपवाल्यांना दुबार दिसत नाहीत, पण कॅश टाकून सगळं नव्याने खेचलं जातं, म्हणजे दिवसभर लॅन तुंबलेलं.

म्हणून आरसिंक, फाइलींची जशीच्या तशी नक्कल करणारी कमांड. आठवडाभर आधी, चालू सर्व्हरवरून पहिली फेरी: 'आरसिंक -ए --न्यूमेरिक-आयडीज'. जीबीला फसू नका. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल, त्यामुळे वेळ जातो तो फाइलींची यादी करण्यात. दुसरी फेरी आदल्या रात्री लावा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, शेवटच्या फेरीलाही साधारण तेवढीच लागतील. शेवटची फेरी दोन्हीकडचे पोस्टफिक्स आणि डवकॉट बंद करून.

दुसऱ्या फेरीपासून '--डिलीट' लागतंच. मेल वाचला की मेलडिर फाइलचं नाव बदलतं, शेवटच्या ':2,' नंतर 'एस' लागतो. '--डिलीट' नसेल तर जुन्या नावाची आणि नव्या नावाची अशा दोन्ही फाइली नव्या सर्व्हरवर राहतात आणि एकच मेल दोनदा दिसतो. आता उलट बाजू: नवा सर्व्हर लोकांसाठी उघडल्यावर 'एकदा खात्री म्हणून' तीच कमांड पुन्हा चालवली, तर मधे आलेले मेल पुसले जातात, कारण ते जुन्यावर नाहीतच. शेवटच्या फेरीनंतर ती स्क्रिप्ट डिलीट करून टाका.

मेलच्या फाइली ज्याच्या मालकीच्या त्या व्हीमेल या लिनक्स वापरकर्त्याचा युआयडी-जीआयडी क्रमांक (वरचा मेलचा युआयडी नव्हे) दोन्हीकडे एकच हवा. कोणाचंही खातं शेवटच्या फेरीआधी नव्यावर उघडू नका, चाचणीसाठी वेगळा मेलबॉक्स करा. मग एक पॉप खातं घेऊन दोन्ही सर्व्हरवर 110 पोर्टला युआयडीएल कमांड द्या. याद्या अक्षर न अक्षर जुळल्या पाहिजेत. पुढे 2.4 वर जाल तेव्हाही हीच तपासणी, कारण 'पॉप3_युआयडीएल_फॉरमॅट' नव्या व्हेरिएबलमध्ये लिहावं लागेल.

पोस्टफिक्सच्या रांगेची नक्कल करू नका. 'पोस्टक्यू -पी' ने पाहा, 'पोस्टक्यू -एफ' ने ढकला. जे अडकलेत ते जुन्या सर्व्हरचं फक्त बाहेर जाणं चालू ठेवून संपू द्या.

टॉवेलवाला_आयटी

मनापासून आभार. नवा व्हीएम आणि डेबियन 12 असं ठरवतो. डीएनएसचा टीटीएल (इतरांनी नोंद किती सेकंद जपून ठेवायची) 86400 आहे, तो 300 करून ठेवू का? आणि पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) बदलायला लाइनवाले किती दिवस लावतील कोण जाणे.

फायरवॉलखाली

दोन्ही नको. बाहेरचा आयपी तोच राहतोय, तर एमएक्स, एसपीएफ, पीटीआर या डीएनएस नोंदींतल्या कशालाच हात लावू नका. फायरवॉलवरचे 25, 465, 587, 993, 995 चे नियम नव्या व्हीएमच्या आतल्या आयपीकडे वळवा, झालं. त्याहून सोपं म्हणजे जुना बंद करून नव्याला तोच आतला आयपी द्या. मग स्कॅनर, ईआरपी, सगळ्यांना तोच पत्ता.

लोक विसरतात ते बाहेर जाणारं नॅट. आत येणारे नियम वळवले, पण बाहेर जाताना नवा व्हीएम फायरवॉलच्या दुसऱ्याच लाइनवरून, ब्रॉडबँडवरून, निघतो. आत येणारे मेल छान, बाहेर जाणारे जीमेल 550-5.7.25 म्हणून परत पाठवतं, कारण त्या आयपीला जुळणारं पीटीआर नाही. नव्या व्हीएमवरून बाहेरचा आयपी कोणता दिसतो ते 25 उघडण्याआधी तपासा. आयपीव्ही6 चालू असेल आणि त्याचं पीटीआर नसेल तर 'इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही4'.

ओपनडीकिमची खासगी की आणि सिलेक्टर (डीएनएसमधल्या कीचं नाव) जुनेच न्या, फाइलची मालकी ओपनडीकिमकडे ठेवा. सॉकेट फाइलऐवजी लोकलहोस्टचं 8891 पोर्ट वापरा. डेबियनमध्ये पोस्टफिक्सचा एसएमटीपीडी चिरूटमध्ये (एका फोल्डरमध्ये कोंडलेला) चालतो, बाहेरची सॉकेट फाइल त्याला दिसत नाही. आणि मिल्टर (मेल तपासणारा जोड-प्रोग्राम, इथे ओपनडीकिम) लागला नाही की डिफॉल्टने सगळ्या मेलना 451, म्हणजे तात्पुरता नकार. त्या वेळी चूक डीकिमची आहे हे चटकन लक्षात येत नाही.

लॉगवाला

नव्या व्हीएमवर आणखी एक. ताज्या डेबियन 12 मध्ये लॉग फाइलीत लिहिणारं आरसिसलॉग येत नाही, सगळं जर्नलमध्ये जातं. मेल.लॉग फाइलच नसते, मग फेल2बॅन (चुकीचे लॉगिन करणारे आयपी अडवणारं) सुरू होताना पडतं. एकतर आरसिसलॉग टाका, नाहीतर फेल2बॅनला 'बॅकएंड = सिस्टमडी' द्या. मेल सर्व्हरला आरसिसलॉगच बरं, ग्रेप करायला फाइल हाताशी असते.

पण जुने लॉग पुसत जाणाऱ्या लॉगरोटेटची डिफॉल्ट आठवड्याला एक, अशा 4 फाइलींची आहे, म्हणजे जेमतेम महिना. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत. 'रोटेट 4' चं 'रोटेट 27' करा. जुन्या सर्व्हरचे लॉगही विसरू नका, व्हीएम पुसण्याआधी बाहेर काढा. घड्याळ त्याच निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपीशी (वेळ सांगणारा सर्व्हर) जुळवा.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर नूतनीकरणानंतर पोस्टफिक्स आणि डवकॉट रीलोड करणारा हुक नव्या व्हीएमवरही लागतो. नाहीतर फाइल नवी आणि डवकॉटच्या हातात जुनी, असं होतं. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून 2025 पासून बंद केलेत.

टॉवेलवाला_आयटी

डिस्पॅचमधलं स्कॅन-टू-मेल मशीन जुनं आहे, त्यात टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) 1.0 च आहे. ते चालेल?

फायरवॉलखाली

587 वर नाही. 12 मध्ये ओपनएसएसएल 3 आहे, त्याच्या डिफॉल्ट सुरक्षा पातळीवर टीएलएस 1.0 आणि 1.1 चालत नाहीत. एका मशीनसाठी सगळ्या सर्व्हरची पातळी खाली आणू नका. मशीनला स्थिर आयपी द्या, 'मायनेटवर्क्स' मध्ये (पासवर्डशिवाय मेल पाठवायची मुभा असलेले आयपी) तेवढा एकच /32, म्हणजे एकच आयपी, लिहा, आणि मशीनमध्ये टीएलएस बंद करून आतल्या आतून 25 वर पाठवू द्या. पूर्ण सबनेट टाकू नका. एखाद्या पीसीत व्हायरस शिरला की दुपारपर्यंत आयपी ब्लॅकलिस्टमध्ये असतो.