आईच्या खोलीत कॅमेरा लावलाय. काढावा का?

दूरचा_लेक

आई कोथरूडला, वय ८१. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, त्यानंतर ती उठून चाललीच नाही. जोडीला डिमेन्शिया. माणसं ओळखते, पण सकाळी जेवली की नाही ते सांगू शकत नाही. मी मस्कतला नोकरीला. बहीण ठाण्यात, तिच्याकडे यंदा एक दहावी आणि एक बारावी. ब्युरोकडून चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या आहेत.

वादाचं मूळ म्हणजे आईच्या खोलीतला वायफाय कॅमेरा. बहीण म्हणते, डायपर बदलतानाचं सगळं तुझ्या फोनवर दिसतं. जिने उभ्या जन्मात कुणापुढे पदर ढळू दिला नाही तिची ही दशा करू नकोस. माझी बाजू अशी की आधीच्या बाई दुपारी आपल्याला झोप मिळावी म्हणून आईचे हात ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवत. शेजारच्या काकू अवेळी आमटीची वाटी घेऊन गेल्या म्हणून कळलं. ब्युरोला फोन केला तर "पेशंट फार हात मारतात, सगळेच बांधतात" असं उत्तर मिळालं. त्या दिवशी कॅमेरा मागवला.

काढा म्हणणाऱ्यांनी पर्यायही सांगावा. "देवावर भरवसा ठेवा" छापाचे प्रतिसाद नकोत.

वरणफळं

काढू नका. आमच्याकडे उलट कथा आहे. सासरे (त्यांनाही डिमेन्शिया) रोज सांगायचे की मावशींनी पाकीट चोरलं. या आजारात चोरीचा संशय फार येतो, पण घरातल्यांना ते आधी कुठे ठाऊक असतं? नणंदेने तर पोलिसात जायची भाषा सुरू केली होती. कॅमेऱ्यात दिसलं की सासरेच पाकीट उशीच्या अभ्र्यात कोंबतात आणि विसरतात. मावशींची अब्रू वाचली. नंतर दुसऱ्या घरी कामाला लागताना त्यांनी स्वतःच विचारलं, "तुमच्याकडं कॅमेरा आहे ना?"

ठाण्याची_ठमी

(मी धागाकर्त्यांची बहीण नाही. ठाण्यात बऱ्याच ठम्या आहेत.)

माझ्या आईकडे भावाने कॅमेरा लावला होता, तेव्हाची गंमत सांगते. मावशी ताट घेऊन बसल्या की स्पीकरमधून आवाज यायचा, "मावशी, आधी आईला दिलं का?" त्या जरा टेकल्या की, "मावशी, कूस बदलली का?" आईला कळेना की मुलगा कुठून बोलतोय. ती कपाटं उघडून शोधायला सांगायची. महिन्याभरात मावशी काम सोडून गेल्या. नंतर आलेल्या टिकल्या नाहीत. डिमेन्शियाच्या माणसाला दर थोड्या दिवसांनी नवा चेहरा म्हणजे रोज नव्या घरात जाग येणं. चांगल्या हाताची बाई घालवून बसलात तर कॅमेऱ्यात बघणार काय?

आणि मुख्य म्हणजे बेडसोर (एकाच जागी पडून राहिल्याने कातडीला होणारी जखम) कॅमेऱ्यात दिसत नाही. तो चादरीखाली असतो.

सिस्टर_निवृत्त

ठमीताईंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. वॉर्डात जन्म गेला, म्हणून जरा लांबण लावते.

दूरचा_लेक, तुम्ही फोनवर आई झोपलेली बघता आणि निश्चिंत होता. मला त्याच झोपेची भीती वाटते. एकाच कुशीवर किती वेळ झोपल्यात? माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागा रोज आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना बघायच्या. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. दाबल्यावर पांढरं पडलं नाही तर बेडसोरची सुरुवात झाली असं धरा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. हाताला ती जागा गरम किंवा टणक लागते. तिथे तेल घेऊन चोळत बसू नका, आतलं मांस आणखी दुखावतं. भोक असलेली गोल उशी घालायची सवयही सोडा, कडेने रक्तपुरवठा दबतो. एअर बेड घ्या, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नव्हे.

भरवताना पाठ उंच हवी आणि जेवणानंतर अर्धा तास तशीच. आडवं भरवलं तर घास फुप्फुसात जातो. एरवी शांत असलेली म्हातारी अचानक बरळायला लागली तर "आजार वाढला" म्हणून सोडून देऊ नका, आधी लघवी तपासा. इन्फेक्शन निघतं बऱ्याचदा. बद्धकोष्ठानेही माणूस असाच तळमळतो आणि हात मारतो. त्याच हातांना मग ओढणी बांधली जाते.

आता न आवडणारं बोलते. साधारण दर दोन तासांनी कूस बदला असं आम्ही शिकवतो. रात्री बारा, दोन, चार, सहा. तुमची मावशी एकच, ड्युटी चोवीस तासांची. ती झोपणार केव्हा? बांधणं हा गुन्हाच, त्याची बाजू मी घेत नाही. पण चोवीस तास जागी राहील असं माणूस ब्युरोकडे नाही, कुणाकडेच नाही. दिवसाची आणि रात्रीची अशा बारा-बारा तासांच्या दोन बायका ठेवा. ते परवडत नसेल तर रात्रीच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा आणि मावशींना दुपारी सलग झोप द्या. त्या वेळी घरात दुसरं कुणीतरी हवं.

गच्चीवरचा

मस्कतहून बघणार, ठाण्याहून रागावणार. कोथरूडला राहतंय कोण? मावशीच ना?

कलमबहाद्दर

भावनेला बगल देऊन कायद्याचं बोलतो. घर तुमचं, कॅमेरा तुमचा, सगळं खरं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही घरगुती कारणासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाही. पण म्हणून रान मोकळं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई वाचा. संमतीशिवाय कुणाच्याही खाजगी अवयवांचं जाणूनबुजून चित्रण केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे "मुलगाच बघतो" अशी सूट लिहिलेली नाही. आणि तुमच्या मावशी त्याच खोलीत झोपतात, म्हणजे साडीही तिथेच बदलत असणार. त्यांना कॅमेरा आहे हे सांगितलंय का? लेखी? त्यांना वाचता येईल अशा भाषेत?

जाता जाता, कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड बदलला नसेल तर आज बदला.

दूरचा_लेक

मावशींना पहिल्याच दिवशी तोंडी सांगितलं आहे. लेखीचं बघतो. पासवर्ड बदललेला आहे.

गच्चीवरचे साहेब, येऊन राहा म्हणणं सोपं आहे. आईचा खर्च माझ्याच पगारातून चालतो. आई सत्तरीच्या पुढची म्हणून आयुष्मान कार्ड काढून ठेवलंय, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. पण ते रुग्णालयात दाखल झालं तर. घरी पडून असलेल्या माणसाचा मावशींचा पगार, डायपर, एअर बेड, फिजिओथेरपिस्ट यातला एक रुपयाही त्यातून निघत नाही. मी नोकरी सोडून आलो तर कॅमेरा लागणार नाही, कबूल. मावशीही परवडणार नाहीत.

सिस्टर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आईच्या खोलीत लावतो.

आजोबा_७८

इथे सगळे बघणारे बोलले. ज्याला बघितलं जातं त्यानेही बोलावं म्हणून लिहितो.

आमच्या चिरंजीवांनी हॉलमध्ये कॅमेरा बसवला, मला न विचारता. मी त्यावर माझी माकडटोपी घातली. तासाभरात फोन! "बाबा, काय झालं?" काही नाही, थंडी वाजत होती त्याला. मग बोलणं झालं. आता कॅमेरा फक्त दाराकडे आणि स्वयंपाकघराच्या गॅसकडे आहे, मला चालतो.

तुमच्या आईंना विचारलंत का? डिमेन्शिया आहे म्हणून विचारण्यात अर्थ नाही असं धरून चालू नका. आमच्या हिला शेवटच्या काळात हाच आजार होता. सकाळी चहानंतर ती बरीच शुद्धीत असायची, संध्याकाळ झाली की भ्रम व्हायचा. सकाळी विचारा. तीन वेळा तीन उत्तरं मिळतील. पण दर वेळी तोंड फिरवलं तर तेही उत्तरच आहे.

मी स्वतः इच्छापत्र करून ठेवलंय. संपत्तीचं वेगळं, हे उपचारांचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्याला माझ्यापुरतं एक पान जोडलंय: अंग कुणी पुसायचं, खोलीत कॅमेरा कुठे चालेल, कुठे नाही. त्या पानाला कायद्याचं बळ नाही हे मला माहीत आहे. चिरंजीवांना तरी वाचता येतं.

वरणफळं

आजोबा, टोपीला दंडवत! पण दुसरी बाजूही बघा. माझ्या मामांनीही असंच कॅमेऱ्याला ठाम "नाही" सांगितलं होतं. बाथरूममध्ये पडले, कडी आतून, मामी गावाला. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना उठवलं. तुमचा स्वाभिमान आम्हाला कळतो हो, पण निस्तरायला आम्हीच असतो.

आजोबा_७८

बाथरूममध्ये कॅमेरा लावणार होता का मामांच्या? तिथे बाहेरून उघडणारी कडी आणि भिंतीला धरायला दांडी लागते. सुताराचं काम आहे ते.

ठाण्याची_ठमी

+१ आजोबांना. कॅमेऱ्याच्या पैशात दांडी बसते.

दूरचा_लेक, तुम्ही पर्याय मागितला होतात. बहिणीला रोज यायला सांगू नका, तिच्याकडे दहावी-बारावी आहे. ज्या काकूंमुळे ओढणीचा प्रकार कळला त्यांनाच विचारा, वेळ न सांगता अधूनमधून डोकावाल का म्हणून. त्यांना घराची एक किल्ली द्या. आणि व्हिडिओ कॉल आईच्या चेहऱ्यावर ठेवून "जेवलीस का" विचारण्यापेक्षा मावशींना टाचा दाखवायला सांगा. औषधांच्या पट्ट्यांतल्या किती गोळ्या उरल्या ते मोजून घ्या. डायपरचं पाकीट किती दिवसांत संपतं त्यावरून दिवसाला किती बदलले जातात ते कॅमेऱ्यापेक्षा नेमकं कळतं.

दूरचा_लेक

काल बहिणीशी बोललो. भांडण मिटलं असं म्हणणार नाही. ठरलं ते इतकंच: कॅमेरा पायथ्याकडून काढून डोक्याकडच्या भिंतीवर वर लावायचा. तिथून आईचा चेहरा, कठडे आणि दार दिसतं. स्वच्छतेच्या आणि कपडे बदलायच्या वेळी मावशी प्लग काढतील. अर्ध्या तासात परत लागला नाही तरच मी फोन करायचा. काकू किल्ली घ्यायला तयार आहेत, उलट म्हणाल्या की इतके दिवस विचारलं का नाहीस. रात्रीच्या वेगळ्या बाईचा खर्च मी आणि बहीण मिळून करू, पुढच्या महिन्यापासून. ब्युरो बदलतोय.

आईलाही विचारलं, सकाळी. म्हणाली, "तू दिसतोस का त्यात?" नाही म्हटल्यावर, "मग काय उपयोग?" याचा अर्थ हो धरायचा की नाही, यावर आमचं अजून जमलेलं नाही.

कलमबहाद्दर

प्लग मावशींच्या हातात दिलात हे उत्तम. तेही कराराच्या कागदावर घ्या.

ठाण्याची_ठमी

आवाजाचं काय केलंत ते लिहिलं नाही.

दूरचा_लेक

स्पीकर बंद केलाय, माझं बोलणं तिकडे जाणार नाही. माइक चालू राहील. आई रात्री हाक मारते, ती कुणी ऐकली नाही तर निदान मला ऐकू यावी.

ठाण्याची_ठमी

आणि मावशी रात्री घरी फोन लावून नवऱ्याशी भांडतात, तेही तुम्हाला ऐकू येणार. यावर मी सहमत नाही.