शब्दचर्चा : खुनी कळलाच नाही, मग त्या शेवटाला म्हणायचं काय?

मालवण : परवा घरातल्या सगळ्यांनी मिळून एक क्राइम सिरीज संपवली. खुनी कोण ते न सांगताच पडदा काळा झाला. काकांना वाटलं लाईट गेली; वर पंखा फिरत होता म्हणून कळलं की सिरीजच संपली. मग जी जुंपली! काका म्हणाले, "अर्ध्यार सोडल्यानी. खून कोणी केल्यान ता सांगूकच नाय!" बहिणीच्या मते शेवट 'अनुत्तरित', वहिनीच्या मते 'उलगडा झाला नाही'. यातला नेमका शब्द कोणता?

रत्नागिरी : काकांच्या 'अर्ध्यार'वरून 'अर्धवट' मात्र म्हणू नका. इंग्रजी कादंबरीकार डिकन्स १८७० मध्ये वारला आणि त्याची 'एडविन ड्रूड' ही रहस्यकथा पुरी व्हायची राहिली, ती खरी अर्धवट. इथे लेखकाने ठरवून हात आखडता घेतलाय.

सावंतवाडी : तरी काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे दशावताराला माणूस रात्रभर जागतो, तो पहाटे राक्षसाचा वध बघायलाच. 'अर्ध्यार सोडल्यानी' हे वर्णन नाहीच मुळी, तक्रार आहे. तक्रारीला व्याकरण लावू नये.

वेंगुर्ला : वहिनींच्या शब्दावर थोडं सविस्तर लिहितो. छडा, उलगडा आणि निकाल हे तीन शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यांचे धनी वेगळे. छडा तपास करणारा लावतो. उलगडा आपल्याला, म्हणजे बघणाऱ्याला होतो. निकाल कोर्टाचा.

बाँग जून-हो यांचा २००३चा कोरियन सिनेमा 'मेमरीज ऑफ मर्डर' घ्या. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासाँग भागात झालेल्या खऱ्या खुनांवर तो बेतलाय. शेवटी नोकरी सोडलेला पोलीस थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे बघतो आणि सिनेमा संपतो. ना छडा, ना उलगडा. पुढे २०१९ मध्ये डीएनएवरून खुनी सापडला. दुसऱ्याच एका खुनासाठी तो आधीपासून तुरुंगात होता! म्हणजे छडा लागला, उलगडाही झाला. निकाल मात्र नाही, कारण खटला भरण्याची मुदत २००६ मध्येच संपली होती. त्यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने जवळजवळ वीस वर्षं तुरुंगात काढली, कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं ते २०२० मध्ये. तिथे निकाल आधी लागला होता आणि छडा चुकीचा होता. आता एकच शब्द या सगळ्याला कसा पुरणार?

मालवण : मग आमच्या सिरीजमध्ये? इन्स्पेक्टरबाईंना खुनी कळलाय असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं. आपल्याला मात्र सांगत नाहीत.

वेंगुर्ला : मग छडा लागला, उलगडा नाही. वहिनी बरोबर.

देवगड : एवढं लांब कशाला जाता? 'खुनी गुलदस्त्यात ठेवला' म्हणा. लपवणाऱ्याला ठाऊक आहे आणि तो मुद्दाम सांगत नाही, हे त्यात आपोआप येतं. 'अनुत्तरित'मध्ये तो डांबिसपणा नाही.

रत्नागिरी : मान्य. पण लेखकालाच खुनी ठाऊक नसेल तर 'गुलदस्त्यात' चालणार नाही. तिथे 'अनुत्तरित'च.

मालवण : काकांना 'गुलदस्त्यात' पटलं. लेखकावरचा राग मात्र तसूभर कमी नाही.