मदत हवी आहे : बाळंतपणानंतर मुलींचे शिक्षण

नवी मुंबईतील तुर्भ्याच्या दगडखाणींलगतच्या वस्तीत मी समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी मुलाखती घेत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली माता झालेल्या वा गरोदर होत्या. परंतु आईवडील कामावर गेल्यावर घरी एकट्या राहणाऱ्या मुलीची धास्ती वाटते म्हणून आठवीनंतर तिचे लग्न उरकले जाते, हे त्या आकड्यात दिसत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्याखाली नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल या भीतीने सातवा महिना लागला तरी दवाखान्यात तिचे नाव घातलेले नसते, आणि हे मला फार अस्वस्थ करते. अशा मुलीला मुक्त विद्यालयातून दहावीला बसवण्याचा अनुभव ठाणे-नवी मुंबईत कोणास असल्यास, सासरच्यांची समजूत कशी घातली आणि अभ्यासाच्या वेळी बाळ कोणी सांभाळले, हे कृपया सविस्तर कळवावे.