शिरोळच्या काळ्या रानात कर्ब 0.48, गगनबावड्याच्या तांबड्या रानात 1.3, असं कसं?

नदीकाठचा:
नमस्कार मंडळी, आमचं उसाचं रान शिरोळ तालुक्यात, काळंभोर, चार फूट खणलं तरी मुरूम लागत नाही. माती तपासून आणली तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतला कार्बन, 0.48 टक्के. दाजींचं रान गगनबावड्याला, उताराचं, तांबडं, त्यांचा रिपोर्ट 1.3. लहानपणापासून ऐकतोय की माती जितकी काळी तितकी कसदार, मग हे काय? रिपोर्ट चुकलाय का आमचंच काही चुकतंय, दोन दिवस डोक्यातनं जाईना.

मातीवाला:
दादा रिपोर्ट चुकलाय असं मला वाटत नाही. आपल्या मातीचा काळा रंग म्हणजे भरपूर कर्ब नव्हे, बेसाल्ट झिजून झालेली चिकणमाती आणि तिला घट्ट धरून बसलेला थोडासाच ह्युमस (पालापाचोळा पुरता कुजून उरलेला काळा अंश), एवढ्यावर ती काळी दिसते. युक्रेनची चर्नोझेम नावाची माती काळी आहे ती खरोखर कर्बामुळं. तिथं गवताळ मैदान, गवताची मुळं खोलवर जाणार आणि हिवाळ्यात माती गोठणार, म्हणजे कुजायचं काम महिनोन्महिने थांबतं आणि हजारो वर्षं साठत जातं. आपल्याकडं हवा उष्ण, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, वर उसाला बारमाही पाणी, त्यामुळं ऐन उन्हाळ्यात पण जंतूंना ओल मिळते आणि टाकलेलं शेणखत भराभर खपतं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) व्याख्येत सुद्धा काळ्या मातीला किमान 1.2 टक्के कर्ब लागतो, उष्ण प्रदेशाला मात्र 0.6 ची सवलत आहे, ती याच कारणानं.

घाटावरचा:
मी आजऱ्याकडचा, दाजींच्या बाजूनं सांगतो. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिमीच्या आसपास पाऊस, तुमच्याकडं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. झाडी दाट, पालापाचोळा पडतच राहतो, चार महिने धड ऊन नाही आणि तांबड्या मातीतलं लोखंड नि अॅल्युमिनियम पण कर्बाला धरून ठेवतं. पण उताराचं रान लई नाजूक हो. झाडी तोडून उभ्या उतारानं नांगरलं की वरची सकस माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते, आमच्याच भावकीतलं एक टेकाड असं मुरमावर आलेलं मी बघितलंय. ती माती खाली नदीकाठाला जाऊन बसते, 2019 आणि 2021 च्या पुरात तुमच्याकडं गाळ आला असंल त्यात आमच्या डोंगराचा वाटा आहेच.

मातीवाला:
हे बरोबर, आणि त्यामुळंच नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. एका एकरातल्या वरच्या 15 सेंमी मातीचं वजन साधारण 9 लाख किलो, 0.48 टक्क्यानं झाले 4300 किलो कर्ब. पण तुमची माती मीटरभर खोल आहे, भेगा पडल्या की वरचा पाला-माती आत पडते, म्हणजे खाली पण कर्ब आहे. समजा मीटरभराची सरासरी 0.35 धरली तर 60 लाख किलो मातीत 21 टन झाला. दाजींच्याकडं एक फूट माती आणि त्यात निम्मे दगड असले तर 1.3 नं सुद्धा 12 टनाच्या आतच बसतो. शिवाय तुमच्या रानात पांढरे खडे, म्हणजे चुनखडी असणार, त्यात पण कार्बन आहे पण तो या टेस्टमध्ये मोजत नाहीत आणि पिकाला त्याचा सेंद्रिय कर्बासारखा उपयोग नाही. पाऊस कमी म्हणून चुना खाली साठतो, गगनबावड्यात तो धुऊन जातो. एक विचारतो, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळता का?

नदीकाठचा:
खोटं कशाला बोलू, पाच वर्षांपूर्वीपर्यंत जाळतच होतो. आता खोडव्याला (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाला) एक आड एक सरीत दाबतो. आणि खालच्या अंगाच्या अर्ध्या एकरात पाणी निचरत नाही, वर पांढरे क्षार फुटतायत, तिथं ऊस गुडघ्याच्या वर जात नाही.

घाटावरचा:
मग त्या अर्ध्या एकराचा नमुना मुख्य रानात मिसळला होता का? ऊसच वाढत नाही तिथं मुळं कुठली आणि कर्ब कुठला, आधी चर काढून निचरा बघा. तो तुकडा वेगळा तपासा आणि बांधावर बाभळीखालची, कधी न नांगरलेली माती पण तपासा. तुमच्याच हवेत, तुमच्याच मातीत किती कर्ब टिकू शकतो ते तिथं दिसंल, दाजींच्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही.

नदीकाठचा:
मिसळला होता, सगळं एकाच पिशवीत. ऊस तुटला की तीन पिशव्या वेगळ्या नेतो, बांधाची, चांगल्या रानाची नि पाणथळाची, आणि दोन फुटावरची पण एक घेतो. आकडे आले की इथंच टाकतो.