मदत हवी आहे: हॉटेल चालवणारा बदलला, कचऱ्याचं जुनं बिल कुणाकडून वसूल करायचं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

शाहूपुरी, ताराबाई पार्क, राजारामपुरी भागातल्या हॉटेलांचा आणि काही मंगल कार्यालयांचा ओला कचरा उचलायचा माझा धंदा आहे. दोन छोटा हत्ती टेम्पो आणि हाताखाली पोरं. बिल महिन्याला निघतं, त्यावरचा जीएसटी मी खिशातनं भरतो, आणि पैसे मागितले की "पुढच्या आठवड्यात बघूया की".

कार्यालयवाल्यांचं एक वेळ समजतं. तुळशीच्या लग्नानंतर तारखा लागल्या की त्यांच्याकडे ॲडव्हान्स येतो, आपलंही निघतं. डोकं फिरवलंय ते एका हॉटेलानं. बाकी दोन लाखांच्या आसपास. मालकानं हॉटेल चालवायला दिलेलं. आधीचा गेला, नवा आला. पाटी तीच, आचारी तोच, तांबडा-पांढरा रस्साही तोच. नवा म्हणतो, "जुन्याचं मला सांगू नका." मालक म्हणतो, "माझा संबंध भाड्यापुरता." जुना फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा मात्र लगेच पडतात.

गाडी बंद करून बघितली. हाडं, भात, भाजीची देठं. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला उभं राहवत नाही. लगेच फोन आला, चालू महिन्याचे पैसेही मिळाले. पण जुन्याचं नाव काढलं की "मग दुसरा बघतो". आणि दुसरा असतोच. डुकरं पाळणारे तर फुकट नेतात.

लेखी करार नाही. रोजच्या वहीत किलो आणि किचनमधल्या माणसाची सही आहे, निम्म्या पानांवर तेलाचे डाग. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) धंदा सुरू केला तेव्हाचीच आहे. या सह्या चालतील का? मालकाला ओढता येईल? वसुली करून देतो म्हणणारे भेटले, पण ती दादागिरी मला नको.

प्रतिसाद १
शिरोली एमआयडीसीत फौंड्र्यांची खाती लिहितो, त्यावरून सांगतो. बिल कुणाच्या नावावर, कुठल्या जीएसटी नंबरवर फाडलंय ते आधी बघा. बाकी त्याची, पाटीची नव्हे. मालकानं स्वतः काम सांगितलं नसेल तर त्याच्या मागं लागून उपयोग नाही.

वही जपा, फोटो काढून ठेवा. जुन्याकडून बाकी मान्य असल्याचं सहीनिशी लिहून घ्या. दाव्याची मुदत ३ वर्षांची असते. ती संपायच्या आत असं लिहून मिळालं तर तिथून नव्यानं मोजतात. हप्ते मागितले तर पुढच्या तारखांचे चेक घ्या. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे.

उद्यम आहे म्हणजे थकलेल्या बिलासाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर अर्ज होतो. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार असला तरी ४५ च्या पुढं नाही. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. नोटिशीत हे व्याज मांडून दाखवा.

प्रतिसाद २
गिऱ्हाइकानं १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट (करातली वजावट) त्याला परत करावं लागतं, हा धाक कारखान्याच्या कँटीनला चालतो. ५ टक्के जीएसटीवाल्या हॉटेलला नाही, तो क्रेडिट घेतच नाही.

धागाकर्ता
बिलं जुन्याच्याच नंबरवर आहेत. म्हणजे मालकाचा नाद सोडतो. नव्याकडून आता महिन्याचे पैसे आगाऊ घेतो, गेला तर जाऊ दे. पोर्टलवरचा अर्ज आपला आपण भरता येतो, का सीए लागतोच?