स्पिन करंट: प्रवाह, धारा की वहन?

गारगोटी: मंडळी, एका अंकासाठी लेख लिहितेय. चुंबकीय इन्सुलेटर (वीज न वाहू देणारा चुंबक), त्याला चिकटलेला धातूचा पातळ थर आणि दोघांमधली स्पिनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या फिरण्यासारख्या गुणाची, देवघेव असा विषय आहे, उदाहरण नेहमीचंच, यिट्रियम आयर्न गार्नेट म्हणजे वायआयजी आणि त्यावर प्लॅटिनम. 'स्पिन करंट'ला, म्हणजे या स्पिनच्या इकडून तिकडे जाण्याला, आधी 'परिवलन प्रवाह' लिहिलं तर पहिल्याच वाचकाने विचारलं, पृथ्वीचं का, दिवसरात्रवालं? मग 'फिरकी' घालून बघितलं, तर सगळा लेख कुंबळेवर असल्यासारखा वाटायला लागला. सुचवा काहीतरी.

दुधी भोपळा: स्पिन स्पिनच राहू दे गं. इलेक्ट्रॉन काही खरंच स्वतःभोवती गरगरत नसतो, मग परिवलन म्हणून नको ते चित्र कशाला उभं करायचं? करंटला 'धारा' चालेल की.

निवृत्त मास्तर: धारा हिंदी पुस्तकांतून आलीये. आपल्याकडे धारा पावसाच्या, नाहीतर म्हशीच्या. विद्युतला आपण प्रवाहच म्हणतो, तोच ठेवा.

प्लॅटिनमवाला: मास्तर, गडबड प्रवाहातच आहे. लॅबमध्ये हेच करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्लॅटिनमच्या पट्टीतून साधा करंट सोडला की एका दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि उलट स्पिनचे दुसऱ्या बाजूला सरकतात, हा स्पिन हॉल इफेक्ट, १९७१ मध्ये द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी कागदावर मांडलेला, नाव मात्र १९९९ मध्ये मिळालं. आता खालच्या पृष्ठाशी जमलेला इलेक्ट्रॉन वायआयजीत शिरू शकत नाही, ते इन्सुलेटर आहे. त्याचा स्पिन सीमेवर उलटतो फक्त. उणे अर्धाचा अधिक अर्धा झाला म्हणजे फरक पूर्ण एकचा, आणि तेवढाच कोनीय संवेग (फिरण्याचं माप, स्पिन हा त्याचाच प्रकार) चुंबकाने गमावला की तिकडे बरोबर एक मॅग्नॉन, म्हणजे चुंबकीय लाटेचा सगळ्यात लहान हिस्सा, तयार होतो. इलेक्ट्रॉन अलीकडेच, हिशेब पलीकडे गेला! पुढे वायआयजीत तर कुणीच जागा सोडत नाही. ज्वारीवरून वारा गेला की ताटं जागच्या जागी आणि डुलणं पुढे, तसंच. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने साध्या खोलीच्या तापमानाला हे डुलणं ४० मायक्रोमीटरपर्यंत जाताना दाखवलं, दुसऱ्या टोकाच्या प्लॅटिनमच्या पट्टीत त्याचं परत व्होल्टेज झालं. प्लॅटिनमच्या आत हाच स्पिन काही नॅनोमीटरमध्ये विरून जातो. मग एकाच 'प्रवाहा'त हे दोन्ही कसं बसवायचं, एकीकडे इलेक्ट्रॉन सरकताहेत आणि दुसरीकडे काहीच सरकत नाही?

निवृत्त मास्तर: मग 'वहन' घ्या. शाळेत उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण शिकवायचो. चमच्याचं एक टोक चहात बुडवलं की दुसरं तापतं, पण धातूचे कण काही एका टोकाकडून दुसरीकडे चालत जात नाहीत, आणि एकाही पोराला त्याचं कधी आश्चर्य वाटलं नाही. स्पिनवहन.

गारगोटी: अहो मास्तर, हे आवडलं! पण मग इन्सुलेटरला 'दुर्वाहक' लिहिलंय ते अंगाशी येणार. स्पिन तर तोच लांबवर नेतोय.

प्लॅटिनमवाला: हो, तिथे 'विद्युत दुर्वाहक' असं पूर्ण लिही. वायआयजी विजेला नालायक आणि स्पिनला फार चांगला, कारण त्यात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत आणि चुंबकीय डोलणं लवकर विझत नाही. आणि ताई, लोहचुंबक नको लिहूस. त्यात पाच लोहअणूंपैकी तीन एका दिशेला, दोन उलट, शिल्लक राहते ती एकाची चुंबकीयता. फेरीचुंबक म्हणतात त्याला, फेरोचुंबक नव्हे, आणि मुद्रितशोधक हमखास फेरो करून ठेवतो.

दुधी भोपळा: वहन गोड आहे पण अडचण आहे. समीकरणात करंट मोजायचा असतो, चौरस मीटरमागे किती, कुठल्या दिशेला. 'वहन किती' असं कोण विचारतं? क्रियेला वहन, राशीला प्रवाह, असं वाटून टाका. उष्णतेतही तेच चालतं ना.

गारगोटी: चालेल, असंच करते. आता शेवटचं, 'स्पिन मिक्सिंग कंडक्टन्स'. 'मिश्रण वाहकता' लिहिलं तर वाचणाऱ्याला सिमेंट-वाळू आठवणार.

प्लॅटिनमवाला: त्यात मिसळत काही नाही गं, तो सीमेचा गुण आहे, दर चौरस मीटर सीमेतून स्पिन किती सहज पार होतो. तेच वायआयजी, तेच प्लॅटिनम, पण थर चढवायच्या आधी पृष्ठ नीट धुतलं नाही तर हा आकडा कोसळतो, म्हणून आम्ही आधी सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात बुडवून काढतो. मी 'सीमापारता' म्हणेन.

निवृत्त मास्तर: सीमापार म्हटलं की बातम्यांतली घुसखोरी आठवते बुवा. 'आंतरपृष्ठ स्पिनवाहकता' लिहा, लांब आहे पण खोटं नाही.

दुधी भोपळा: एवढं लांब आकृतीखालच्या ओळीत मावणार कसं ते संपादकांना विचारा आधी.