भावाला बायपोलर आणि दारू दोन्ही, आधी उपचार कशाचे?

मोठ्या भावाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी अति उदासी असा मानसिक आजार) आहे, त्यात दारू. व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी मानसिक आजार आटोक्यात आणा, डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडवा, आम्ही कळव्याहून नुसत्या चकरा मारतोय. वहिनी डबी उघडून बघते तर बायपोलरच्या, लिथियमच्या गोळ्या तशाच. दोन्ही एकत्र बघतात का कुठे?

ऐरोलीची ताई:
अगं आधी हे मग ते असं नसतंच, दोन्ही एकमेकांना वाढवतात म्हणून एकाच टीमने एकाच वेळी बघायला हवं, औषधं, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं सगळं. १४४१६ टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मोफत आहे, मराठीत बोलतात, जवळ कुठे सोय आहे ते विचार. आणि लिथियम चालू असताना पिऊन उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातली लिथियमची लेव्हल धोकादायक वाढू शकते, डॉक्टरांना पिण्याचं खरं प्रमाण सांगाच.

घोडबंदरकर:
कळकळीची विनंती, त्याला न सांगता जेवणात दारू सोडवायची पावडर मिसळू नका. त्यात डायसल्फिराम (दारूसोबत गेलं की त्रास होणारं औषध) असेल आणि वर तो प्यायला तर जीवावर बेतू शकतं. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंदही करू नका, पहिल्या २-३ दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जातो, ते दवाखान्यातच व्हायला हवं.

कळव्याच्या ताई, वहिनींकडेही बघा, त्यांची झोप होतेय का? अल-अनॉनच्या मीटिंगा दारुड्याच्या घरच्यांसाठीच असतात, पैसे लागत नाहीत.

कळव्याची:
१४४१६ ला आत्ताच लावते. पावडर आईने मागवलीय, ती आधी फेकते.